पत्र्याचे कान

१

आमच्या ह्यांची नोकरी बसून राहण्याची. नगर संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर बसायचं, आणि कुणी कशाला बोट लावलं की म्हणायचं, "हात लावू नका." हे गमतीने सांगतात, जन्मभर मी एकच वाक्य बोललो, पण त्यावर संसार झाला.

संग्रहालय आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी डबा घेऊन मीच जाते, त्यामुळे तिथली प्रत्येक खोली मला माझ्या स्वयंपाकघरासारखी पाठ. खाली पेंढा भरलेले पक्षी, जुनी भांडीकुंडी, आणि कापडगिरणीचं एक लाकडी मॉडेल. बटण दाबलं की त्यातले धोटे खटाखट खटाखट पळतात. शाळेची मुलं ते बटण दाबून दाबून जीव नकोसा करतात. वर एका बाजूला चित्रं आहेत, नगराध्यक्षांच्या तसबिरी, नदीचा काठ, आणि फळांची एक टोपली. त्या टोपलीसमोर आलेला प्रत्येक जण "अगदी खरी वाटते हो" म्हणतो आणि पुढे सरकतो. समोरच्या बाजूचं दालन नवीन. त्यात आमच्या टेकडीवरच्या देवस्थानाची भिंत आली.

भिंत म्हणजे विटांची नव्हे, तिच्यावर टांगलेलं सगळं. आमच्याकडे कुणाचा पाय बरा झाला की तो पत्र्याचा छोटा पाय करून देवाच्या भिंतीला ठोकायचा. दृष्टी परत आली तर डोळे, छातीचं दुखणं गेलं तर काळीज, मूल झालं तर पाळणा. वर्षानुवर्षं ती भिंत अशी भरत गेली होती. पायाशेजारी डोळा, डोळ्याखाली कुणाच्या वासराचं खूर, कशाला काही ताळतंत्र नाही. पुढे टेकडीवरून रस्ता गेला, देव खाली नव्या इमारतीत आले. तिथल्या चकचकीत फरशीच्या भिंतींना खिळे मारायला कुणी तयार होईना, म्हणून हा ऐवज संग्रहालयाला दिला.

त्यात माझे कान आहेत. म्हणजे माझ्या लेकीचे. चिमी लहान असताना तापातून उठली ती बहिरी होऊन. पाठीमागे थाळी आपटली तरी मान वळत नव्हती. मी नवस बोलले, नेम धरला, आणि एका सकाळी पाखरांच्या आवाजाने ती दचकून उठली. तिच्याच कानांच्या मापाचे पत्र्याचे कान करून मी माझ्या हाताने त्या भिंतीला ठोकले होते. म्हणून ते दालन उघडलं तेव्हा माहेरचं माणूस भेटावं तशी मी बघायला गेले.

२

संग्रहालयाच्या बाई तरुण आहेत, हौशी आहेत, आणि मनाने फार चांगल्या. मला बघून धावतच आल्या.

"काकू, या या! सांगा कसं वाटतंय."

काचेच्या मोठ्या कपाटात निळ्या कापडाची फळी होती. त्या फळीवर एक माणूस होता. वर दोन डोळे, बाजूंना दोन कान, खाली कुणाच्या तरी बऱ्या झालेल्या जिभेसाठी वाहिलेलं एक तोंड. एक हात मोठा, रापलेला वाटावा असा, दुसरा नाजूक. छातीवर काळीज. खाली पाय, तेही एक आखूड, एक लांब.

"माणूस केलात?" मी म्हटलं.

"हो ना! उघडायच्या आधी नुसते ओळीत लावून पाहिले, तर बघायला आलेले दारातूनच मागे फिरले. आता बघा, दारातूनच कळतं काय आहे ते. पोटाच्या जागी काय लावावं सुचत नव्हतं, मग हा पाळणा टांगला. कसा शोभतोय?"

"बाई, पण ही वेगवेगळ्या माणसांची आहेत."

"तेच तर छान आहे काकू. सगळं गाव मिळून एक माणूस!"

मला ते पटलं. घरी येताना दोघी-तिघींना मी तसंच सांगितलंही, सगळं गाव मिळून एक माणूस म्हणून. कान अर्थात माझेच घेतले होते. जोडी म्हणून तेवढी एकच चांगली राहिली होती.

"मला खुर्चीतून त्याचा आखूड पाय दिसतो," हे रात्री जेवताना म्हणाले. "बरं झालं, सोबत झाली. नगराध्यक्ष काही बोलत नाहीत."

३

चिमी तेव्हा आमच्याकडे होती. पहिलटकरीण, जावई कामासाठी दूरगावी, म्हणून मीच आणलं होतं. ती यायची आणि ते दालन उघडायची गाठ एकाच आठवड्यात पडली.

एका संध्याकाळी ती ह्यांना म्हणाली, "बाबा, आज कुणावर एवढे तापलात? 'एकदा सांगितलं ना, हात लावू नका म्हणजे नाही लावायचा!' बिचारं पोर रडायला लागलं."

ह्यांचा घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ऐकलं."

"इथून?"

"हो. का?"

मी मध्ये पडले. म्हटलं, खिडक्या उघड्या असतील, वारा इकडचा असेल, आवाजाला काय पाय असतात का बांधलेले. ह्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं.

"आणि ते गाणं पूर्ण म्हणत जा हो," चिमी हसून म्हणाली. "रोज दोनच ओळी म्हणता नि थांबता. जीव टांगणीला लागतो माझा."

हे कानापर्यंत लाल झाले. ते गाणं लग्न ठरलं तेव्हाचं आहे. माझ्यासमोरसुद्धा कधी म्हणत नाहीत. दालनात चिटपाखरू नसलं की म्हणतात, तेही ओठातल्या ओठात, हे मला मागाहून कळलं.

४

मग दूध उतू जायला लागलं. चिमी शेगडीशेजारी उभी असायची आणि दूध फसफसून विस्तवावर पडलं तरी तिला पत्ता नसायचा. दारावरची कडी वाजून वाजून माणसं परत जायची. मी पाठीमागून हाक मारायची ती हवेत.

"अगं, ऐकू येत नाही का?"

"गर्दी होती गं आई. शाळेची मुलं आली होती. ते गिरणीचं बटण कुणी सोडतच नव्हतं."

घरात आम्ही दोघीच होतो. बाहेर भर दुपारची सामसूम.

कानांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी उजेड पाडून आत बघितलं, कानाशी धातूचे काटे वाजवून बघितले, आणि म्हणाले, कान आरशासारखे स्वच्छ आहेत, या दिवसांत होतं असं एखादीला, लक्ष लागत नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! रस्त्याने येताना मी चिमीला हेच समजावत होते, आणि ती माझ्याकडे न बघता चालत होती. तिला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं हे घरी आल्यावर कळलं.

तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "अहो, उद्या दालनात कुणी नसेल तेव्हा त्या कपाटासमोर उभं राहून काहीतरी बोला. काहीही. मला आधी सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मी चिमीसमोर भाजी निवडत बसले. दुपार कलायला लागली तशी ती एकदम खळखळून हसली.

"काय झालं?"

तिने माझे ओठ वाचले असावेत. "बाबा म्हणतात, तुझ्या आईची भाजी रोज खारट असते, पण तिला सांगू नकोस. सांगितलं बघ मी!"

मीही हसले. हे घरी आले तेव्हा मी चहा पुढे ठेवत म्हटलं, "भाजी खारट असते का हो?" त्यांनी कप उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

चिमी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "बाबांच्या मागून आणखी कुणीतरी तेच म्हणालं," ती म्हणाली. "शब्द नव्हते त्यात. नुसती चाल तीच. तान्हं मूल मोठ्यांच्या बोलण्याची नक्कल करतं ना, तसं."

मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, बाळ रडलं तर मला ऐकू येईल ना गं?"

मी मोठ्याने "हो" म्हटलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

५

संग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी तरी लेकीला शांतता मिळेल असं मी धरून चालले होते. सकाळी ती खरंच ताजीतवानी होती. मी तिची वेणी घालत होते, हे अंगणात पाटाचा निखळलेला पाय ठोकत होते.

"आज बाबा गेलेत का तिकडे?" तिने विचारलं.

मी तिची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. अंगणातले बाबा दाखवले.

"मग तिथे कोण आहे?" ती म्हणाली.

मी वेणीचा पेड हातात तसाच धरून तिच्या तोंडासमोर आले. "काय ऐकू येतंय?"

"श्वास. फार जवळ. आणि पत्र्याला पत्रा लागल्यासारखं काहीतरी. हळूहळू. अगं, हात आखडलेला माणूस बोटं सोडवतो ना, तसं."

देवाचं नाव घेऊन मी वेणी पुरी केली. अर्धवट वेणी बरी नव्हे. मग पदर खोचला आणि अंगणात जाऊन ह्यांना म्हटलं, "किल्ली घ्या."

"आज सुट्टी आहे."

"म्हणूनच."

६

बंद संग्रहालय मी पहिल्यांदाच बघत होते. पडदे ओढलेले, डांबराच्या गोळ्यांचा वास, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे काचेचे डोळे आपापल्या जागी. गिरणीचे धोटे निमूट उभे. जिना चढताना हे पुढे होते. वर पोचल्यावर ते आपल्या खुर्चीपाशी थांबले, त्यांनी तिच्यावरची गादी सारखी केली, आणि तिथेच रेंगाळले.

"चला ना."

"तू बघ. मी आहे."

मी एकटीच दालनात गेले. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येऊन कपाटाच्या पायाशी पडली होती. फळीवर माणूस होता तसाच होता. डोळे, कान, काळीज, हात. मी नीट निरखून बघितलं. बाईंनी लावलेलं काहीही तसूभर हललेलं नव्हतं, आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात काचेवरचा डाग दिसला. तोंडाच्या समोर, काचेवर, वाफ धरली होती. हिवाळ्यात आपण खिडकीच्या काचेशी उभं राहिलो की धरते तशी. मी पदराच्या टोकाने पुसली. ती पुसली गेली नाही. ती आतून होती.

ती लहान झाली. जवळजवळ गेली. मग परत मोठी झाली.

"अहो," मी हाक मारली.

हे आले. त्यांनी बघितलं. "ओल आहे," ते म्हणाले. "जुनी इमारत. बाईंना सांगतो." पण मी काचेवर तळवा ठेवला तेव्हा जन्मभर जे वाक्य बोलले ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

पोटाच्या जागचा पाळणा हलत होता. अगदी किंचित. जमीन लाकडी आहे, आपल्या चालण्याने हलला असेल, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनाही ते पटलं. मग आम्ही दोघं पाय न हलवता उभे राहिलो, पाळणा थांबायची वाट बघत. उन्हाची पट्टी कपाटाच्या पायावरून जमिनीवर सरकली. शेवटी ह्यांनी माझा हात धरला आणि आम्ही खाली आलो.

घरी चिमी दारातच उभी होती. "तू गेली होतीस ना तिथे? तू आत आलीस तसं ते गप्प झालं."

"ते म्हणजे काय गं?"

बाळाच्या लाथेने दचकल्यासारखा तिचा हात पोटाकडे गेला. "ज्याच्यासाठी मी ऐकते आहे, ते," ती म्हणाली.

७

मी देवापाशी बसले. मला राग नव्हता आला कुणाचाच. बाईंनी हौसेने केलं होतं. आणि ते जे काही होतं, त्याने तरी काय केलं होतं? कुणीतरी त्याला कान दिले, ते ऐकत होतं. ज्याला त्याला आपल्या अवयवाचा उपयोग करावासा वाटणारच.

पण चिमीचे कान काढून आणायचे तर तेही होत नव्हतं. देवाला दिलेलं परत घेऊ नये. घेतलं, तर ज्या दुखण्यासाठी दिलं ते दुखणं परत येतं, हे मला माझ्या आईने सांगितलंय, तिला तिच्या आईने. एकीकडे तिथे ठेवले तर लेक तिथलीच होऊन बसणार, दुसरीकडे काढले तर पुन्हा बहिरी. दिवस भरत आले होते.

बाईंकडे गेले. म्हटलं, "एवढं मोडा हो. पूर्वीसारखे ओळीत लावा."

"काकू, अहो सगळ्या गावात त्याच्या चित्राचे फलक लागलेत!" त्यांनी माझे हात हातात घेतले. "हंगाम संपला की बदलू. नक्की बदलू. तुम्हाला कुणी काही बोललं का?"

हंगाम संपेपर्यंत बाळ तीन महिन्यांचं झालं असतं.

तिथून मी तशीच पत्र्याचं काम करणाऱ्याच्या दुकानात गेले. डबे, चाळण्या, नरसाळी यांच्या ढिगात तो बसला होता.

"कान करून द्या. जोडी."

"अरे वा. आता कुणी करून घेत नाही काकू. कुणाच्या मापाचे?"

"माझ्या."

त्याने माझ्या कानाशी अंगठा धरून माप घेतलं आणि कात्री उचलली. "कान बरे झाले म्हणायचे तुमचे."

"माझ्या कानांना काही झालेलं नाही."

त्याची कात्री थांबली. "मग? आधी गुण, मग नवस फेडायचा. उलटं कसं चालेल?"

"या खेपेला उलटंच आहे," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले. पण काम फार सुरेख केलं, माझ्या कानाच्या पाळीला जुन्या दागिन्याने पडलेली चीरसुद्धा काढली.

बाईंनी ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्यांना वाटलं असणार, बाळंतपण जवळ आलंय, आईचा जीव कासावीस झालाय, तिचं मन मोडू नये. इकडेतिकडे बघत त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं. "कुणाला सांगू नका हं काकू. तुमच्या लेकीचे मी कापसात गुंडाळून खालच्या कपाटात नीट ठेवते. ते इथेच राहतील. चालेल?"

"चालेल." परत घेतले नव्हते. नुसती जागा बदलली होती.

चिमीचे कान मी माझ्या हाताने काढले. कपाटात सावली होती, बाहेर थंडी होती, तरी तो पत्रा गरम होता. निजलेल्या मुलाचा कान असतो तेवढा. तिथे माझे लावले, आणि मनात म्हटलं, तिला सोड. काय ऐकायचं ते माझ्याकडून ऐक.

पहिला आवाज आला तो माझ्याच श्वासाचा. पण समोरून, दुसऱ्या कुणाला ऐकू यावा तसा.

"झालं ना मनासारखं?" बाई म्हणाल्या. मला ते दोनदा ऐकू आलं, एकदा शेजारून, एकदा काचेतून.

घरी आले, कडी उघडली. चिमी आतल्या खोलीत झोपली होती ती ताडकन उठून बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. "आई, कडीचा आवाज आला!" ती रडत म्हणाली. "तुझ्या बांगड्यांचा येतोय! बोल ना, काहीतरी बोल!"

मी खूप बोलले. माझं मला फारसं ऐकू येत नव्हतं, पण ती प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती, आणि त्यापेक्षा मला काय हवं होतं?

८

नात झाली. नाकीडोळी नीटस, आमच्या ह्यांच्यासारखी रुंद कपाळाची. जन्मली तेव्हा छान टाहो फोडला, असं सुईणबाईंनी सांगितलं. मी दाराबाहेर होते, आणि त्या वेळी माझ्या कानांत शाळेची सहल चालली होती.

माझं काही वाईट चाललेलं नाही. सवय झाली. घरातलं मला ओठांवरून कळतं, आणि दिवसभर तिथली करमणूक असते. फळांच्या टोपलीसमोर कोण काय म्हणतं ते मला ह्यांच्या आधी ठाऊक असतं. हे खुर्चीत घोरतात तेही कळतं. घरी आले की मी म्हणते, "आज दोनदा लागला हो डोळा," आणि हे कान पकडतात. हंगाम संपला, फलक उतरले, पण बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. नव्या साहेबांना तो माणूस फार आवडतो. मीही आग्रह धरला नाही. चिमीचं सगळं सुरळीत आहे. बाळाने कूस बदलली तरी तिला जाग येते.

सुट्टीच्या दिवशी ते बोलायला शिकतं. आधी नुसता फुत्कार होता. मग "म", मग "ब", असं चाचपडत. मला भीती वाटायची ती हळूहळू मावळली. इतक्या लोकांच्या दुखण्याखुपण्यातून झालेला जीव, म्हटलं, एकटाच असतो काचेत. घरकाम करताना मी मनातल्या मनात त्याला चांगलं काही सांगायची, स्तोत्रं म्हणायची. ते ऐकायचं. माझे कान चांगले होते.

नात वर्षाची होऊन गेली. हसते, टाळ्या वाजवते, भिंतीला धरून चालते. पण तोंडातून आवाज नाही. पडली, ओठ फुटला, तर डोळ्यांतून धारा लागतात, तोंड उघडतं, चेहरा लालबुंद होतो, आणि घरात सगळं शांत. जन्मताना रडली तेवढीच. चिमी तिच्या तोंडाशी कान नेऊन तासन् तास बसते. "आई, मला ऐकू येतं ना गं? मग हिचं का येत नाही?" असं विचारते. डॉक्टरांनी घशात बघितलं, म्हणाले स्वच्छ आहे, आरशासारखा, थोडी वाट बघा.

मी वाट बघणाऱ्यांतली. आजवर जे जे मागितलं ते मला मिळालंय. म्हणून आज दुपारी चिमी बाळाला घेऊन पडल्यावर मी आंघोळ केली, दिवा लावला आणि हात जोडले. आज संग्रहालयाला सुट्टी. हे मागे अंगणात आहेत. कानात सकाळपासून काही नव्हतं, श्वाससुद्धा नाही. इतकी शांतता किती तरी महिन्यांनी मिळाली होती.

डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं. नातीसाठी आता काय बोलावं, काय द्यावं, याची मनात जुळवाजुळव करत होते.

काचेवर आतून वाफ धरली, ते मला ऐकू आलं. मग एक आवाज आला. स्वच्छ, गोड, दुधाच्या दातांतून आल्यासारखा. तो मी कधी ऐकला नव्हता, पण आमच्या घरातला होता. रुंद कपाळ ओळखू यावं तसा तो मला ओळखू आला.

"आजी," तो म्हणाला, "माग."